फारकतीच्या स्टॅम्प पेपरने लेकराचा बाप बदलत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'पितृत्वाचा निकाल आता डीएनएवरच' आणि 'डीएनए चाचणीस न्यायालयाचा नकार' अशी दोन्ही शीर्षके वर्तमानपत्रांत आलटूनपालटून येत असतात. आपापल्या जागी दोन्ही खरी असतात. पण पारावर बसून पेपर वाचणारा माणूस त्यातून एकच गोष्ट उचलतो : बाप कोण ते रक्त सांगते, बाकी सगळे नुसते कागद. तालुक्याच्या कोर्टात पहिला प्रश्न रक्ताचा नसतोच. लेकरू जन्मले त्या दिवशी त्याची आई कायद्याने कोणाची बायको होती, हा तो प्रश्न. आणि आपल्या भागात घोटाळा होतो तो नेमका याच प्रश्नाच्या उत्तरात. म्हणून हे पत्र जरा लांबले आहे, ते चालवून घ्यावे.

१८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम ११२ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि तेच कलम ११६ झाले. आकडा बदलला, आशय तोच. वैध लग्न टिकून असताना जन्मलेले, किंवा लग्न संपल्यानंतर २८० दिवसांच्या आत जन्मलेले आणि तोवर आईने दुसरे लग्न केलेले नसेल असे लेकरू त्या नवऱ्याचे औरस (कायदेशीर लग्नाचे) अपत्य, याचा जन्म हाच निर्णायक पुरावा. हे कलम कोणत्याही एका धर्माच्या विवाह कायद्यातले नाही, पुराव्याच्या कायद्यातले आहे. त्यामुळे ते सगळ्यांना लागू. कोर्टाने घटस्फोटाचा हुकूम १० मार्चला दिला आणि बाईने दुसरे लग्न केले नाही, तर १५ डिसेंबरपर्यंत झालेले बाळंतपण पहिल्या नवऱ्याच्या खाती जमा होते. नवरा वारला असेल तर हेच २८० दिवस मृत्यूच्या तारखेपासून मोजायचे.

यात एक बारकावा आहे. लेकरू पोटात कधी राहिले हे कलम विचारत नाही, जन्मले कधी एवढेच विचारते. लग्नानंतर चौथ्या महिन्यात बाळंतपण झाले तरी कायद्याने बाप तो नवराच. गावात बायाबापड्या बोटांवर महिने मोजत बसतात. त्या मोजणीने कायद्यातला बाप हलत नाही.

नवऱ्याला यातून सुटायला कलमात एकच वाट ठेवली आहे. गर्भ राहू शकत होता त्या काळात नवरा-बायकोला एकमेकांकडे जाण्याची संधीच नव्हती, हे त्याने सिद्ध करायचे. संधी म्हणजे प्रत्यक्ष संबंध नव्हे. संबंध येण्याजोगी परिस्थिती. बोलचाल बंद होती, भांडण होते, ती माहेरी होती, एवढे पुरत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडची माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. समजा नवरा जानेवारी २०२५ मध्ये गेला, मे महिन्यात परतला, आणि बायको डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाळंत झाली. वरवर पाहता नवऱ्याची बाजू भक्कम वाटते. पण होळीला, म्हणजे १४ मार्चच्या सुमारास, तो दोन मुक्काम घरी येऊन गेला असेल, तर गर्भधारणेपासूनचे साधारण २६६ दिवस तिथून मोजून पाहा : ५ डिसेंबर येते. त्या दोन रात्रींनी त्याची केस संपते. 'मी घरी होतो पण तिच्याशी बोललोसुद्धा नाही' या वाक्याला कोर्टात वजन नाही. बायकोचे दुसऱ्या कोणाशी संबंध होते हे सिद्ध झाले तरी नवऱ्याची संधी नाहीशी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले. तिथे तर उलटाच मामला होता. आई घटस्फोटानंतर महापालिकेत गेली आणि मुलाच्या नोंदीत बापाचे नाव बदलून मागू लागली. पुढे मुलाने दुसऱ्या माणसाकडे पोटगी मागितली. न्यायालयाने सांगितले की औरसपणा एका माणसाकडून आणि पितृत्व दुसऱ्याकडून, अशी फोड करता येत नाही. जन्माच्या वेळी आईबाप नवरा-बायको होते, एकत्र राहत होते, म्हणजे बाप ठरला.

आता आपल्या गावातल्या फारकतीकडे येऊ, कारण खरे दुखणे तिथे आहे.

बाईचे पहिल्या घरी पटत नाही. दोन्हीकडचे सोयरे बसतात, आंदण परत होते, थोडी रक्कम हातावर ठेवतात आणि एक कागद होतो. पूर्वी तो शंभराच्या स्टॅम्पवर व्हायचा, आता पाचशेच्या. मजकूर सगळीकडे जवळपास सारखा : 'आजपासून आमचा एकमेकांशी नवरा-बायकोचा संबंध राहिला नाही, आम्ही दोघे दुसरे लग्न करण्यास मोकळे आहोत, पुढे कोणतीही तक्रार करणार नाही.' खाली दोघांच्या सह्या किंवा अंगठे, पाच पंचांची नावे, आणि वर नोटरीचा गोल लाल शिक्का. तो शिक्का पाहून लोकांना वाटते, सरकारने मान्य केले. नोटरी फक्त एवढेच सांगतो की या माणसांनी माझ्यासमोर सह्या केल्या. आत जे लिहिले आहे ते कायद्याने होऊ शकते की नाही, हे सांगणे त्याचे काम नाही. हिंदू विवाह कायद्याखालचे लग्न (यात बौद्ध, जैन, शीखही आले) मोडते ते कोर्टाच्या हुकमाने. कलम २९(२) ने जातीच्या रूढीतली फारकत जपली आहे हे खरे, पण ती रूढी जुनी आहे, अखंड चालत आली आहे आणि त्या जातीत सर्वमान्य आहे हे साक्षीपुराव्याने सिद्ध करावे लागते. 'आमच्यात असेच चालते' असे साक्षीदाराने म्हटले की उलटतपासणीत पुढचा प्रश्न ठरलेला : अशा किती फारकती तुम्ही स्वतः पाहिल्या, कोणाच्या, कोणत्या साली? तिथे बहुतेकांची गाडी रुतते.

कागद झाला की दोन-चार महिन्यांत बाईचा पाट, म्हणजे दुसरे लग्न, लागतो, कुठे त्याला मोहतूर म्हणतात. नव्या घरी लेकरू होते. आशाताईच्या वहीत, माता-बाल संरक्षण कार्डावर, अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये, ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत सगळीकडे नव्या नवऱ्याचे नाव लागते. आधार निघते, शाळेत नाव पडते. वीस वर्षे कोणी काही विचारत नाही. मग तो माणूस वारतो, तलाठ्याकडे वारसाचा अर्ज जातो, आणि ज्या चुलत्याने लेकराच्या बारशाला गूळ वाटला होता तोच फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घेतो : हिचे पहिले लग्न मोडलेले नव्हते, हे पोरगे आमच्या भावाचे नाही, पहिल्या नवऱ्याचे आहे. आणि कलम ११६ समोर ठेवले तर तो सपशेल खोटे बोलतो असेही म्हणता येत नाही.

इथे दोन कलमे समोरासमोर उभी राहतात. हिंदू विवाह कायद्याचे कलम १६ म्हणते, लग्न रद्दबातल असले तरी त्यातून झालेले अपत्य औरस. साक्ष्य कायद्याचे ११६ म्हणते, वैध लग्न ज्याच्याशी टिकून आहे त्याचे ते अपत्य. लेकराला दुसऱ्या बापाचे म्हणून उभे राहायचे तर दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, पाट किंवा मोहतूर खरोखर विधीने लागला होता. नुसते घरात येऊन राहणे म्हणजे लग्न नव्हे. दोन, त्या काळात पहिल्या नवऱ्याला बाईकडे जाण्याची संधी नव्हती. म्हणजे नवऱ्याला सुटायला ठेवलेली तीच वाट लेकराला तुडवावी लागते, आणि तीही वीस वर्षांनी, अर्धे पंच वारल्यावर.

मग उपयोगी पडतात ते किरकोळ वाटणारे कागद. बाईचे नाव पहिल्या गावच्या रेशनकार्डातून कमी होऊन दुसऱ्या गावी चढल्याची तारीख, मतदार यादी, रोजगार हमीचे जॉबकार्ड आणि हजेरीपट, पहिल्या खेपेची गरोदरपणातली तपासणी कोणत्या उपकेंद्रात झाली त्याची नोंद, पहिला नवरा त्या काळात दूरच्या गावी कामाला होता याचा मस्टर किंवा भविष्यनिर्वाह निधीचा उतारा. आणि तो फारकतनामाही जपून ठेवावा. लग्न मोडायला तो निकामी, पण त्या तारखेपासून दोघे वेगळे राहत होते हे दाखवायला कामाचा. लोक नेमके उलटे करतात : लग्न मोडल्याचा पुरावा म्हणून तो मिरवतात आणि वेगळे राहिल्याचा पुरावा म्हणून वापरायचे विसरतात.

तलाठी, मंडळ अधिकारी किंवा तहसीलदार बाप कोण ते ठरवू शकत नाहीत. हरकत आली की प्रकरण तक्रारीच्या नोंदवहीत जाते आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर किंवा नामंजूर करतो. ती नोंद महसुलापुरती. तिने मालकीही ठरत नाही आणि बापही. उपविभागीय अधिकारी (एसडीओ), अपर जिल्हाधिकारी, आयुक्त अशी अपिलांची शिडी चढण्यात पाच-सात वर्षे घालवणारे आपल्या भागात कमी नाहीत, आणि शेवटी वर सांगतात की दिवाणी कोर्टात जा. औरसपणा जाहीर करून मागण्याचा दावा कौटुंबिक न्यायालयात चालतो, जिथे ते न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायालयात. हरकत आली त्याच महिन्यात तिकडे जावे.

आता दुसरी बाजू : पहिली बायको असताना पुरुषाने दुसरी केली. दुसरे लग्न रद्दबातल, पण कलम १६ मुळे तिची मुले औरस. त्यांना मिळते किती, यावर मात्र गावात दोन टोकांच्या अफवा आहेत. कोणी म्हणते काहीच नाही, कोणी म्हणते सारखा वाटा. १ सप्टेंबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे हिशेब असा बसतो. वडिलोपार्जित वावर १२ एकर. बाप वारला. मागे पहिली बायको, तिचा एक मुलगा, एक मुलगी आणि दुसरीचा एक मुलगा. आजी हयात नाही. आधी बापाच्या मृत्यूपूर्वी वाटणी झाली असे धरायचे : बाप, बायको, मुलगा, मुलगी, चौघांना तीन-तीन एकर. यात दुसरीचा मुलगा नाही. मग बापाच्या वाट्याचे जे तीन एकर, ते चार वारसांत : पहिली बायको, तिची दोन मुले आणि दुसरीचा मुलगा. प्रत्येकी पाऊण एकर, सातबाऱ्यावर साधारण ३० आर. तेच १२ एकर बापाने स्वतः घेतलेले असते तर दुसरीच्या मुलाला सरळ तीन एकर मिळाले असते. दुसरीला स्वतःला दोन्हीकडे काहीच नाही. आणि काकाच्या किंवा आजोबाच्या स्वतंत्र मिळकतीत त्या मुलाने हात घालू नये. कलम १६ त्याला फक्त आईबापाच्या मिळकतीपर्यंत नेते. कास्तकाराच्या आत्महत्येनंतर मिळणाऱ्या एक लाखाच्या मदतीवरही असेच दोन घरांत दावे पडतात. ज्या घरात दहाव्याचे पाणी सुकलेले नसते तिथे हे सुरू होते, म्हणून तेवढा उल्लेख पुरे.

जन्मदाखल्याबद्दल. २१ दिवसांच्या आत नोंद केली तर पैसा लागत नाही. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यानंतर वर्षभरात लेखी परवानगी आणि स्वसाक्षांकित कागद, वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांच्या जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला चालणार, म्हणून नोंद वेळेत हवीच. पण दाखल्यावरचे बापाचे नाव हा पुरावा असला तरी निर्णायक नाही. माहिती देणाऱ्याने जे सांगितले ते ग्रामसेवकाने लिहिले, एवढाच त्याचा अर्थ. नावाच्या काना-मात्रेची चूक कागद पाहून समासात दुरुस्त होते. एका बापाच्या जागी दुसरा बाप ही दुरुस्ती नव्हे, त्याला कोर्टाचा हुकूमच लागतो. सरपंचाचा दाखला जोडून ग्रामसेवकाच्या मागे लागणारे त्या बिचाऱ्याला नाहक अडचणीत आणतात. खोडून लिहिलेली नोंद पुढे कोर्टात आली की मूळची खरी गोष्टसुद्धा संशयात जाते.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आपल्या राज्याने आईचे नाव घातले आहे : बाळाचे, आईचे, वडिलांचे, मग आडनाव. चांगले झाले. त्याने बाप ठरवण्याच्या नियमात मात्र काही फरक पडलेला नाही.

आता डीएनए. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विदर्भातल्याच एका जोडप्याच्या पोटगीच्या प्रकरणात, आधी नागपूरच्या आणि नंतर हैदराबादच्या प्रयोगशाळेचा अहवाल पाहून, नवरा बाप नाही हे मान्य केले; कायद्याचे गृहीतक आणि विज्ञानाचा पुरावा यांत विज्ञान वरचढ धरले. तेवढाच निकाल लोकांच्या लक्षात राहिला. पण तिथे चाचणी होऊन अहवाल हातात आलेला होता. चाचणीचा आदेश मिळवणे ही निराळी पायरी आहे, आणि ती १९९३ पासून उंचच ठेवलेली आहे : चाचणी मागितली की मिळते असे नाही, संधी नव्हती असे सकृतदर्शनी दिसले पाहिजे, आणि लेकराच्या कपाळी कोणता शिक्का बसेल याचा विचार झाला पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने आणखी सांगितले की बायकोचा व्यभिचार सिद्ध करायला लेकराच्या रक्ताचा वापर करायचा नाही. घटस्फोटाच्या दाव्यात लेकरू पक्षकार नसते. त्या प्रकरणात नवऱ्याने खासगी चाचणी आधीच करून घेतली होती. तिचा उपयोग झाला नाही.

खासगी चाचणीचे हेच होते. गालाच्या आतला कापूस पुसून कुरिअरने पाठवला; कोणाचा कापूस, कोणी घेतला, कोणी ओळखले, याला पुरावा काय? कोर्टाच्या आदेशाने जे नमुने जातात त्यांची पद्धत अशी : आई, मूल आणि कथित बाप तिघांना एकाच दिवशी सरकारी रुग्णालयात बोलावतात, ओळखीच्या फॉर्मवर फोटो, सही किंवा अंगठा आणि डॉक्टरांची सही होते, रक्त ईडीटीए (रक्त गोठू न देणारे द्रव्य) असलेल्या नळीत घेतात, नळीवर नाव-तारीख लिहून लाखेचे सील लावतात आणि सीलचा नमुना वेगळा पाठवतात. चुका ठरलेल्या आहेत. साध्या नळीत रक्त घेतले की ते गोठते. मे महिन्यात पारा ४५ वर असताना बर्फाच्या डब्याशिवाय नळी नागपूरला पोचेपर्यंत नमुना बिघडू शकतो. खास कागदी कार्डावर वाळवलेला थेंब त्यापेक्षा टिकतो. सीलचा नमुना जुळला नाही किंवा फॉर्मवर फोटो नाही, तर प्रयोगशाळा नमुना परत करते आणि पुढची तारीख पडते. ज्याला नुकतेच रक्त चढवले आहे त्याने ते डॉक्टरांना सांगावे. तारखेला एकजण आला नाही म्हणून दोघांचेच घेऊ नये. आईचा नमुना असला की निष्कर्ष पक्का होतो, कारण लेकराच्या डीएनएतल्या प्रत्येक खुणेतला आईकडून आलेला अर्धा भाग बाजूला काढता येतो आणि उरलेला बापाशी ताडता येतो. एखाद-दुसरी खूण जुळली नाही म्हणून लगेच 'बाप नाही' असे ठरत नाही, तसा बदल निसर्गतःही होतो. बऱ्याच खुणा जुळल्या नाहीत तरच नकार.

बाप वारलेला असेल तर काका किंवा आजोबांच्या रक्तावरून मुलाची वाय खूण, म्हणजे बापाकडून फक्त मुलग्याकडे जाणारी डीएनएची खूण, तपासता येते. ती फक्त एवढे सांगते की दोघे एकाच पुरुषवंशातले. संशय सख्ख्या किंवा चुलत भावावरच असेल तर ही चाचणी मुकी राहते, आणि भाऊबंदकीच्या खटल्यात संशय बहुधा तिथेच असतो. मुलीच्या बाबतीत तर वाय खूण नसतेच.

कोर्ट कोणाला धरून रक्त काढायला लावत नाही. आदेश होऊनही माणूस हजर झाला नाही तर मात्र त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येते. म्हणून वकिलाने चाचणीच्या अर्जातच ती विनंती लिहून ठेवावी.

आईचे लग्नच झालेले नसेल तिथे कलम ११६ चा अडसर नाही, आणि डीएनएचा खरा उपयोग तिथे आहे. झरी-जामणीकडच्या कुमारी मातांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत जाऊन आला. त्या लेकरांच्या पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ (जुने १२५) आहे, आणि त्यात लेकरू औरस आहे की अनौरस हा भेद नाही. अर्ज बाप राहतो तिथल्या, किंवा तो आईसोबत शेवटचा जिथे राहिला तिथल्या कोर्टात करता येतो. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे कायदा सांगतो. वकिलाने ते कोर्टाच्या नजरेस आणावे. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर आधी पोक्सोचा (बालकांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचा) गुन्हा नोंदतो आणि नमुने पोलिसांमार्फत घेतले जातात. जन्मनोंदीत बापाचे नाव नाही म्हणून दाखला अडवता येत नाही. २०१५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे एकट्या आईचे प्रतिज्ञापत्र पुरते. दाखल्याच्या खिडकीवर 'बाप कोण' म्हणून चारचौघांत विचारणाऱ्या कारकुनाला तो निकाल दाखवावा. वारसाहक्क मात्र तिथे तोकडा : लग्नाचा विधीच नसेल तर लेकराला आईचा वारसा मिळतो, बापाकडून पोटगीच.

गोंड, कोरकू, माडिया, कोलाम या आदिवासींना हिंदू विवाह कायदा लागू नाही, म्हणून कलम १६ चा आधारही त्यांना सरळ मिळत नाही. तिथे जमातीची रूढी पाहतात. लग्नाचे जेवण घालायला पैसा नाही म्हणून विधी राहून जातो आणि संसार सुरू होतो, हे गडचिरोलीकडे नवे नाही. अशा वेळी दीर्घकाळ नवरा-बायको म्हणून राहिल्यावरून लग्न गृहीत धरता येते. सामूहिक विवाहात उशिरा का होईना विधी झाला तर त्याची नोंद ग्रामपंचायतीत करून घ्यावी, आणि आधी झालेल्या मुलांची नावे त्याच वेळी प्रतिज्ञापत्रात लिहावीत.

आईसोबत आलेल्या लेकराबद्दल थोडेसे. सावत्र बापाने आडनाव दिले, शाळेत नाव लावले, राजपत्रात छापले, तरी तो कायद्याने बाप होत नाही. व्हायचे असेल तर दत्तक घ्यावे : मूल १५ वर्षांखालचे असावे, मुलगी असेल तर दत्तक बाप तिच्याहून किमान २१ वर्षांनी मोठा हवा, खरा बाप हयात असेल तर त्याची संमती, देण्या-घेण्याचा प्रत्यक्ष विधी आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला दत्तकपत्राचा दस्त. नोटरी केलेले दत्तकपत्र हे फारकतनाम्याचेच भावंड. टेस्ट ट्यूबच्या उपचारात दात्याचे बीज वापरले असेल तर २०२१ च्या कायद्याने उपचार घेणारे जोडपेच आईबाप, दात्याचा संबंध संपतो. संमतीपत्राची प्रत केंद्राकडून मागून ठेवावी.

फारकत ठरलीच असेल तर ती कोर्टातून करून घेणे वाटते तितके लांबचे काम नाही. दोघांची संमती असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली अर्ज होतो. एक वर्ष वेगळे राहिलेले असावे, अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते, आणि २०१७ च्या निकालानंतर योग्य प्रकरणात हे सहा महिने कोर्ट माफही करू शकते. सोयऱ्यांची बैठक जरूर व्हावी, देणे-घेणे तिथेच ठरावे, फक्त कागद नोटरीऐवजी कोर्टात न्यावा आणि हुकमाची प्रमाणित प्रत हातात येईपर्यंत पाट लावू नये. अर्ज चालू असताना झालेले लेकरूही पहिल्या नवऱ्याचेच धरले जाते. जुना फारकतनामा आहे आणि पहिला नवरा अजून हयात आहे, तर आजही दोघांनी मिळून अर्ज करता येतो. आधी झालेल्या लेकरांचा प्रश्न त्याने सुटत नाही, पण त्याच अर्जात 'अमुक तारखेपासून आम्ही एकदाही एकत्र राहिलो नाही' हे दोघांचे शपथेवरचे म्हणणे नोंदले जाते. पुढे वारसाच्या भांडणात लेकराच्या हाती पडणारा त्याहून चांगला कागद आम्हाला ठाऊक नाही.

बाई, लेकरू, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी वकील फुकट मिळतो. तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचे कार्यालय असते, फोन १५१००. जाताना लग्नपत्रिका किंवा लग्नाचे फोटो, फारकतनामा असेल तर मूळ प्रत, लेकराचा जन्मदाखला, माता-बाल संरक्षण कार्ड आणि दोन्ही गावांची रेशनकार्डे सोबत न्यावीत. माता-बाल कार्ड बहुतेक घरांत लेकरू शाळेत गेल्यावर चुलीत जाते, ते जपावे.

आपले,
एक वकील व एक निवृत्त ग्रामसेवक
जि. यवतमाळ